बाबांचं बोलायचं यंत्र

बाबांना बोलता येत नाही, असं माझ्यासमोर जो कोणी म्हणाला त्याच्याशी मी भांडले आहे. शेजारणीशी भांडले, फिजिओथेरपीला येणाऱ्या मुलीशी भांडले, आणि एकदा बँकेत काउंटरवरच्या बाईशी इतकी भांडले की रांगेतली माणसं आपापली पासबुकं उघडून वाचायला लागली. बाबांना बोलता येतं. त्यांना फक्त कॉम्प्युटर लागतो. चष्मा लावणाऱ्याला आपण आंधळा म्हणत नाही, मग माझ्या बापाला मुका का म्हणायचं, हा माझा साधा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

अर्धांगवायूच्या झटक्यात बाबांची उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. डोकं होतं तसं राहिलं, किंबहुना जास्तच तिखट झालं, पण तोंडातून येणारा आवाज आईलाही कळेना. डाव्या हातानं लिहून पाहिलं तर अक्षर थरथरून कागदाबाहेर जायचं. दादानं बंगळुरूहून महागातला फोन पाठवला. त्यावर बाबांचं बोट टेकलं की एकदम तीन अक्षरं उमटायची आणि बाबा फोन उशीखाली सारून द्यायचे. शेवटी मी हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवले. त्याची बटणं जाड, दाबली की खटकन आवाज करणारी. बाबांनी डाव्या हाताचं एक बोट उचललं आणि बटणं शोधत शोधत लिहिलं, ‘चहात साखर घाला. मला लकवा झालाय, मधुमेह नाही.’

हॉस्पिटलातून आल्यापासून आई त्यांना बिनसाखरेचा चहा देत होती. कोणी सांगितलं म्हणून नव्हे, आजारी माणसाला साखर कशाला, एवढ्याच विचारानं. ते वाक्य वाचून ती आधी हसली आणि मग पदर डोळ्याला लावून स्वयंपाकघरात गेली. तेव्हापासून तो कॉम्प्युटर सकाळी देवपूजेच्या आधी सुरू होऊ लागला. बाबा त्यावर आईच्या भाजीला नावं ठेवायचे, बातम्या वाचणाऱ्यांना शिव्या द्यायचे, माझ्या नव्या केशरचनेवर अनावश्यक मत द्यायचे. मी राहते दोन स्टेशनं पलीकडे, पण झटक्यापासून बहुतेक दिवस इथेच असते, आणि आमचं मुलुंडचं घर पुन्हा पूर्वीसारखं झालं.

आता दसऱ्याचं सांगते. बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. तिथे दसऱ्याला यंत्रांना झेंडूचे हार पडायचे आणि घरी आई त्यांच्या कंपासपेटीची, लांब पट्टीची आणि स्वतःच्या शिवणयंत्राची पूजा करायची. ज्याच्यावर पोट चालतं त्याला वर्षातून एकदा नमस्कार करावा, असं ती म्हणते, आणि मला ते नेहमीच पटत आलंय. यंदा तिनं पहिला मान कॉम्प्युटरला दिला. माझ्याकडे बघून म्हणाली, “हे ह्यांचं तोंड आहे गं.” मग वरच्या पडद्याला गंध, खालच्या डब्याला हळदकुंकू, कीबोर्डवर झेंडूचं फूल, आपट्याचं पान आणि कुंकवात भिजवलेल्या ओल्या अक्षता. अक्षता तिनं सढळ हातानं वाहिल्या. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या बाबांनी डावा हात वर केला. बाबाही नमस्कार करतायत असं वाटून तिनं आणखी एक चिमूट टाकली.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू होईना. म्हणजे दिवा लागे, पंखा फिरे, पण रोजचं हिरव्या डोंगराचं चित्र येण्याऐवजी काळ्यानिळ्या पानावर इंग्रजी ओळी येत. वेळ, तारीख, आकडे, कसल्या कसल्या यादीतली नावं. बंद करून परत लावला की परत तेच पान. बाबांनी ते पाहिलं आणि कीबोर्डकडे बोट दाखवून जोरजोरात आवाज काढायला सुरुवात केली. मी त्यांचा हात हातात घेतला आणि सांगितलं, बाबा, थांबा, सुरू झाला की लिहा. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला वाटलं, त्यांना काहीतरी तातडीचं सांगायचंय.

तातडीचं होतंच. कारण दादा दसऱ्याला आला होता तो नुसता सोनं वाटायला नव्हे. पुण्याच्या पुढे म्हाताऱ्या माणसांसाठी एक जागा आहे, बाग आहे, नर्स आहेत, रॅम्प आहेत, दोघांना एकत्र खोली मिळते, हे सगळं तो फोनवर फोटो दाखवत आम्हाला सांगत होता. नाव नोंदवून ठेवलंय, आता होकार कळवायचा, म्हणाला. परत जायच्या आधी हे मिटवून टाकायचा त्याचा विचार होता. मिटवून टाकायचं हा त्याचाच शब्द. माझं डोकंच फिरलं. आईवडलांनी आयुष्य काढलेलं घर म्हणजे काय पाण्याची गळती आहे, प्लंबर बोलावून मिटवून टाकायला?

दादा वाईट माणूस नाही. आईची कंबर गेलीय, बाबांना उचलताना ती कशी वाकते ते त्याला बघवत नाही, हे मला माहीत आहे. पण त्याची विचारायची पद्धत अशी की तो आधी सगळं ठरवतो आणि मग बाबांच्या खुर्चीपुढे वाकून मोठ्या आवाजात विचारतो, बाबा, चालेल ना? जसं काही कान गेलेत. बाबांची मान झटक्यानंतर थोडी आपोआपही हलते. ती हलली. दादाला तो होकार वाटला. मी म्हटलं, तो नकार आहे. आम्ही दोघं बाबांच्या मानेवरून भांडलो, त्यांच्यासमोर, आणि बाबा आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिले.

मी हटून बसले. कॉम्प्युटर दुरुस्त होईल, बाबा लिहून सांगतील, मग काय ते ठरेल. तोपर्यंत एका माणसानंही कोणाला काही कळवायचं नाही. दादा म्हणाला, ठीक आहे, करून घे दुरुस्त, आणि लगेच पुढे जोडलं की तिकडे गेल्यावर तसाही या खटाऱ्याचा काही उपयोग नाही, तिथे हॉलमध्ये मोठा टीव्ही आहे. बाबा बोलायला काय वापरणार, टीव्ही? हे मी त्याला विचारलं.

स्टेशनजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात फोन केला. तिथला माणूस म्हणाला, फक्त डबा आणा, बाकी काही नको. दादानं तारा सोडवल्या आणि आम्ही तो डबा मांडीवर घेऊन रिक्षानं गेलो. दुकानदारानं आपल्या टेबलावरच्या तारा त्याला जोडल्या, बटण दाबलं आणि हिरवा डोंगर समोर आला. त्यानं माझ्याकडे बघून असं हसून घेतलं की मला तिथेच संताप आला. मॅडम, चालू तर आहे, घाबरून आणलात. मी म्हटलं, घरी नाही होत. तो म्हणाला, घरी बटण नीट दाबत नसाल. मी बी.एस्सी. आहे, पंचवीस-तीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलंय आणि हा माणूस मला बटण दाबायला शिकवत होता.

घरी आणून जोडला. परत काळंनिळं पान.

आता दुकानातला दुसरा एक माणूस घरी आला. आला तोच कानाला फोन लावून, आणि पूर्ण वेळ त्याचं दुसऱ्याच कुठल्या तरी गिऱ्हाईकाशी बोलणं चालू होतं. एका हातानं त्यानं बाण असलेली बटणं दाबली, पानावरची पट्टी वरखाली झाली, तेव्हा कीबोर्ड ठीक आहे म्हणाला. काहीतरी बदललं, परत चालू केला, परत तेच. मग त्यानं आमच्या घरातल्या विजेला दोष दिला. मग मदरबोर्डला. मग कॉम्प्युटरच्या वयाला. बाबा खुर्ची सरकवत त्याच्या अगदी जवळ आले आणि कीबोर्डवर हाताचा पंजा आपटू लागले. तो माणूस कीबोर्ड बाजूला घेत हसत म्हणाला, “अंकल, सबर करा ना. गेम खेळायचाय का?”

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की तो कानावरचा फोन खाली ठेवून ऐकत होता, आणि जाताना त्यानं चपला हातात घेतल्या नि जिन्यात जाऊन घातल्या. ज्या माणसानं आयुष्यभर कारखान्यातल्या यंत्रांची चित्रं काढली, नोकरीची शेवटची काही वर्षं तर कॉम्प्युटरवरच काढली, त्याच्यासमोर उभं राहून गेमच्या गोष्टी. आणि दादा मला म्हणतो, किती तोडून बोलतेस गं, तो बिचारा त्याचं काम करत होता. बिचारा! आमच्या घरात बिचारं कोण आहे हे दादाला कोणीतरी एकदा चित्र काढून दाखवायला हवं होतं.

दादाच्या परतीचा दिवस जवळ आला. नवा कॉम्प्युटर घ्यायचं मी म्हटलं तर त्याचं म्हणणं, आता जायचंच आहे तर नवीन सामान कशाला. म्हणजे पुन्हा तेच, निर्णय झालेलाच. दरम्यान बाबांनी जेवण कमी केलं होतं. सकाळी उठले की खुर्ची कॉम्प्युटरपाशी न्यायला लावायचे, तो चालू करायला लावायचे आणि त्या काळ्यानिळ्या पानासमोर बसून राहायचे. आई त्यांना भात भरवायची, ते एका बाजूनं चावायचे आणि नजर कीबोर्डवर. मला ते बघवत नव्हतं. मला वाटायचं, त्यांना ओरडून सांगायचंय की मला माझ्या घरातून हलवू नका, आणि आम्ही त्यांचं तोंड बांधून ठेवलंय.

ज्या दिवशी हे सगळं फुटलं त्या दिवशी दुपारची जेवणं झाली होती. ओट्यावर भांडी तशीच होती. दादानं त्या जागेच्या माणसाला फोन लावला आणि दारात उभा राहून सांगू लागला की हो, आमचं जवळजवळ नक्की आहे. मी त्याच्या हातातून फोन काढून घ्यायला निघाले तेवढ्यात मागे मोठा आवाज झाला. बाबांनी डाव्या हातानं कीबोर्ड खेचला होता. नुसता खेचला नव्हता. त्याची तार डब्यातून उपटून काढली होती आणि कीबोर्ड जमिनीवर फेकला होता. खुर्ची तिरकी झाली होती, बाबांचा चेहरा लाल झाला होता आणि ते बोट डब्याच्या बटणाकडे रोखून होते.

दादानं फोन बंद केला. मग हळूच म्हणाला, बघितलंस? डॉक्टर म्हणाले होते ना, चिडचिड वाढेल म्हणून. आज कीबोर्ड फेकला, उद्या आईच्या अंगावर काही फेकलं तर? ही एकटी काय करणार?

त्याच्या आवाजात खरी काळजी होती आणि म्हणूनच मी जास्त भडकले. एका माणसाचं बोलणं सगळ्यांनी मिळून बंद पाडायचं आणि त्यानं हातपाय आपटले की म्हणायचं, बघा, हा बिघडला. मी म्हटलं, ते चिडलेत कारण त्यांना चिडायचा हक्क आहे. मग दुसरं काही सुचेना म्हणून बाबांचं बोट जिथे रोखलं होतं तिथे गेले आणि निव्वळ रागानं त्या डब्याचं बटण दाबून तो बंद केला आणि परत चालू केला.

हिरवा डोंगर आला.

आम्ही तिघंही त्या डोंगराकडे बघत राहिलो. बाबांनी डोळे मिटून मान मागे टेकली. मी खाली बसले, कीबोर्ड उचलला आणि उलटा करून झटकला. आधी झेंडूची सुकलेली पाकळी पडली, मग दोन-चार तांदूळ. एक दाणा पडेना. उजवीकडे डिलीट लिहिलेलं बटण आहे, त्याच्या फटीत तो कुंकवानं चिकटून वाळला होता आणि त्यानं ते बटण दाबून धरलं होतं. कॉम्प्युटर चालू होताना ते बटण कोणी दाबून ठेवलं तर त्याला वाटतं, मालकाला आपली सेटिंग बदलायचीय, आणि तो इमानेइतबारे ते पान उघडून देतो. दुकानात चालू झाला कारण तिथला कीबोर्ड दुसरा होता. आमचा घरीच होता, टेबलावर, बाबांच्या समोर, ज्याच्याकडे ते पहिल्या दिवसापासून बोट दाखवत होते.

त्यांना तेव्हाच कळलं होतं. दसऱ्याला त्यांनी हात वर केला तो नमस्कार नव्हता, पुरे म्हणत होते. आणि आज त्यांना रागाचा झटका आला नव्हता. एका हातानं जेवढी करता येते तेवढी दुरुस्ती त्यांनी केली होती, आणि आम्ही तिला चिडचिड म्हटलं.

दादा आईकडे वळून म्हणाला, अगं आई, कीबोर्डवर ओले तांदूळ कोण टाकतं? आई दारात उभी होती, ओले हात पदराला पुसत. तिचा चेहरा पडला. मी दादाला म्हटलं, तू गप्प बस. तिनं पूजा केली, तिच्या लेखी त्याला मान तरी होता. तू त्याला खटारा म्हणत होतास.

मी केसातल्या पिनेनं तो दाणा काढला, बटण दाबून पाहिलं, ते खटकन वर आलं. तार जोडली आणि कीबोर्ड बाबांच्या मांडीवर ठेवला. मग मी दादाकडे पाहिलं, म्हटलं, आता विचार. माझ्या मनात उत्तर तयार होतं. बाबा लिहिणार, मी जाणार नाही, आणि मग मी दादाला जे बोलणार होते तेही तयार होतं, अगदी शब्दांसकट. दादानं विचारलं. या वेळी मोठ्या आवाजात नाही. म्हणाला, बाबा, तुम्हाला काय वाटतं, जायचं का?

बाबांचं बोट हलायला लागलं. आम्ही दोघं त्यांच्या खुर्चीमागे उभे राहून एकेक अक्षर वाचत होतो. मोठ्या अक्षरात पडद्यावर आलं, ‘माझा कॉम्प्युटर बिघडला होता.’ मग बराच वेळ शोधून, ‘हिचं तोंड तर चालू होतं ना?’ मग आणखी खाली, ‘मला उचलते ती. हिला का नाही विचारलंत दोघांनी?’

मला दादाकडे बघायची हिंमत झाली नाही. दोघांनी, असं लिहिलं होतं त्यांनी. एवढे दिवस मी बाबांसाठी भांडत होते, त्यांच्या घरासाठी, त्यांच्या हक्कासाठी, दुकानदाराशी, त्या फोनवाल्याशी, सख्ख्या भावाशी, आणि त्या सगळ्या वेळात आई मागे चहा करत होती, भात भरवत होती, आम्ही भांडून दमलो की पाणी आणून देत होती. त्या जागेचे फोटोसुद्धा दादानं मला दाखवले, बाबांना दाखवले. आईच्या हातात तेव्हा पोळपाट होता.

मी मागे वळून म्हटलं, “आई, तुला काय हवंय?”

त्याचं उत्तर तिनं संध्याकाळी दिलं आणि आमचं घर आज त्याच उत्तराप्रमाणे चालतं. मुलुंड सोडायचं नाही. ह्यांना उठवायला, आंघोळ घालायला सकाळी एक दांडगा माणूस यायला हवा. आणि महिन्यातून काही दिवस ती कांदिवलीला बहिणीकडे जाऊन राहणार, एकटी, तेव्हा आम्हा दोघांपैकी एकानं इथे यायचं, मग तो बंगळुरूला असो नाहीतर आणखी कुठे. हे सांगताना तिचा आवाज जराही हलला नाही.

पण ते संध्याकाळी. त्या वेळी, दुपारी, माझा प्रश्न ऐकून ती तशीच उभी राहिली. तिनं पडद्यावरचं वाचलं, ओठ हलवत, दोनदा. आई एरवी आमच्यासारखंच बोलते, पण आतून काही हललं की तिच्या तोंडी गावची मालवणी येते. म्हणाली, “थांबा जरा. इचार करूक व्हयो माका. सवय नाय.”

आणि ती दिवाणावर बसली. ओट्यावर भांडी पडलेली असताना भर दुपारी आईला नुसतं बसलेलं मी त्या घरात तोवर पाहिलं नव्हतं. दादा उठून आत गेला आणि थोड्या वेळानं नळाचा आणि भांड्यांचा आवाज येऊ लागला. बाबांनी पुन्हा कीबोर्डवर बोट ठेवलं, एकेक बटण शोधलं आणि तिला दिसेल असं लिहिलं, ‘सावकाश.’